दार वॉशिंग्टनचं, गल्लीतला पोलीस कुणाचा?

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर शनिवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळणं हे दिव्यच असतं. गेल्या हिवाळ्यात तिथल्या एका दुकानामागच्या पार्किंगमध्ये एका पिकअप ट्रकवाल्याने गाडी मागे घेताना आमच्या डबेवाल्या काकूंच्या गाडीला ठोकलं. मागचा दिवा फुटला, बंपर एका बाजूने लोंबायला लागला, डिकीतल्या एका डब्याचं झाकण उडून सगळं वरण खालच्या गालिच्यावर आलं. चूक उघड उघड ट्रकवाल्याची होती. मी खिशातून फोन काढला तसा काकूंनी माझा हात धरला. "पोलिसांना नको बोलावूस रे. जाऊ दे त्याला. बंपरचं मी बघते." ट्रकवाला क्षणभर गोंधळला आणि निघून गेला.

काकू नवऱ्याच्या व्हिसावर या देशात आल्या. नवरा गेला तेव्हा मुलाची शाळा अर्ध्यावर होती, म्हणून त्या थांबल्या. व्हिसा संपला, तरी थांबल्या. (त्यांना कुणी ओळखू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) मी त्यांना समजावून सांगितलं की न्यू जर्सीत पोलिसांना व्हिसा विचारायला मनाई आहे, ते फक्त अपघाताची नोंद करतील. काकू टिश्यूने वरण पुसत होत्या. म्हणाल्या, "मनाई आज आहे. उद्याचं तू सांगशील का?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. हा लेख त्यामुळेच लिहायला घेतला.

मला वाटतं ते आधीच सांगून टाकतो. या देशात कोण येणार, कोण राहणार आणि कोणाला परत पाठवायचं, हे ठरवायचा अधिकार वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा, आहे आणि तो वॉशिंग्टनकडेच असावा. पण ठरवलेलं अमलात आणताना वॉशिंग्टनने स्वतःची माणसं वापरावीत. गावचा पोलीस, काउंटीचा (जिल्ह्याचा) शेरीफ, शाळेचा मुख्याध्यापक यांना त्या कामाला जुंपता येऊ नये. व्हाइट हाउसमध्ये कोण बसलंय ते बघून आपण हे मत बदलू नये. माझ्या ओळखीतले पुष्कळ लोक नेमकं तेच करतात, दोन्ही बाजूंचे.

काकूंना मी ज्या मनाईबद्दल सांगत होतो, तो २०१८ च्या नोव्हेंबरात न्यू जर्सीचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल (राज्याचे मुख्य कायदा अधिकारी) गुरबीर ग्रेवाल यांनी काढलेला आदेश. केवळ इमिग्रेशनच्या संशयावरून कुणाला अडवायचं नाही, कारण नसताना त्याबद्दल विचारायचं नाही, आणि आईसच्या, म्हणजे फेडरल (केंद्राच्या) इमिग्रेशन खात्याच्या, धाडींत राज्याच्या पोलिसांनी भाग घ्यायचा नाही. त्याला अपवाद आहेत: गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, किंवा देशाबाहेर काढायचा अंतिम हुकूम निघालेला असेल, तर पोलीस आईसला कळवू शकतात. म्हणजे गुन्हेगारांना लपवणारं राज्य असं जे चित्र टीव्हीवर रंगवतात, ते आदेश वाचलेल्या माणसाला पटणार नाही.

आता इतिहासाकडे येतो, कारण इमिग्रेशन हे पहिल्यापासून केंद्राचंच काम होतं असं बहुतेकांना वाटतं. तसं नव्हतं. अमेरिकेच्या राज्यघटनेत नागरिकत्व देण्याचा एकसारखा नियम करायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिलाय; माणसं आत घेण्याबद्दल, बाहेर काढण्याबद्दल सरळ असं काही लिहिलेलंच नाही. पहिली शंभर वर्षं हे काम बऱ्याच अंशी राज्यंच करत होती. एलिस बेट सगळ्यांना माहीत असतं, पण ते १८९२ मध्ये सुरू झालं. त्याआधी १८५५ पासून न्यूयॉर्कला उतरणाऱ्यांची नोंद कॅसल गार्डनमध्ये व्हायची आणि ते ठाणं न्यूयॉर्क राज्य चालवायचं.

राज्यांच्या हातात हे काम असलं की काय होतं, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात १८७४ साली दिसलं. चीनहून 'जपान' नावाची आगबोट आली. कॅलिफोर्निया राज्याचा इमिग्रेशन कमिशनर बोटीवर चढला आणि प्रवाशांतल्या बावीस बायका त्याने वेगळ्या काढल्या. त्या वाईट चालीच्या आहेत असं त्याने ठरवलं. कशावरून? नुसतं बघून. प्रत्येकीमागे बोटीच्या मालकाने पाचशे डॉलर सोन्याचा जामीन भरावा, नाहीतर त्यांना उतरू देणार नाही, असा कायद्याचा धाक. त्या बायकांनी दाद मागितली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. न्यायमूर्ती मिलर यांनी कॅलिफोर्नियाचा कायदा मोडीत काढला. त्यांचा मुद्दा असा, की एका माणसाच्या हातात पद्धतशीर खंडणी उकळायची इतकी सोय दुसऱ्या कायद्यात सापडणं कठीण. शिवाय एका राज्याच्या अशा वागण्याने परक्या देशाशी भांडण ओढवलं, तर ते निस्तरावं लागेल सबंध देशाला.

हा दुसरा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. टेक्सासने २०२३ च्या डिसेंबरात कायदा केला: सीमा बेकायदा ओलांडणं हा राज्याचा गुन्हा, आणि अशा माणसाला मेक्सिकोत परत जायचा हुकूम राज्याचा न्यायाधीश देणार. मेक्सिकोने सांगून टाकलं की टेक्सासने पाठवलेली माणसं आम्ही घेणार नाही. मग तो न्यायाधीश त्या माणसाला पाठवणार कुठे? नदीच्या मध्यावर? दुसऱ्या देशाशी बोलायचं एकच तोंड असावं लागतं, आणि ते गव्हर्नरचं असू शकत नाही. त्याआधी ॲरिझोनाने २०१० मध्ये असाच स्वतःचा कायदा केला होता. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये त्याची वादातली चारपैकी तीन कलमं रद्द केली. कागद विचारायचं चौथं तेवढं तूर्त राहू दिलं. त्याच ॲरिझोनात मॅरिकोपा काउंटीचे शेरीफ जो आर्पायो यांनी इमिग्रेशनच्या नावाखाली काय केलं, हे फेडरल कोर्टाच्या २०१३ च्या निकालात नोंदलेलं आहे. गाडी चालवणारा लॅटिनो दिसला की थांबवायचं, अशी रीतच त्यांच्या खात्याने पाडली होती. थांबवलेल्यांत कागद असलेले होते, जन्माने अमेरिकन असलेलेही होते.

पण सगळं वॉशिंग्टनकडे गेलं म्हणून न्याय आला, असंही घडलं नाही. चिनी बायकांचा निकाल लागून सहा-सात वर्षं होताहेत तोच, १८८२ मध्ये, काँग्रेसने चिनी मजुरांना देशबंदी करणारा कायदा केला. जे कॅलिफोर्नियाला करू दिलं नाही, ते काँग्रेसने मोठ्या प्रमाणावर केलं. पुढे १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की हिंदुस्थानी माणूस गोरा नव्हे, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. मग केंद्राने आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घ्यायला सुरुवात केली, आणि कॅलिफोर्नियाच्या जमीन कायद्याने, नागरिक होऊ न शकणाऱ्यांना जमीन नाही म्हणून, शेतकऱ्यांच्या पायाखालची जमीन ओढली. दोन सरकारांचे हात एकमेकांत अडकले की असं होतं. थिंद यांच्या वकिलाचं नाव सखाराम गणेश पंडित. नाव आपल्या पेठेतलं वाटतं, जन्म मात्र अहमदाबादचा. सरकार त्यांचंही नागरिकत्व काढायला निघालं होतं. ते स्वतःसाठी लढले आणि १९२६ मध्ये अपील कोर्टात जिंकले: माझ्या नागरिकत्वावर विसंबून मी वकिली केली, घर केलं, आता तुम्हाला ते मागे घेता येणार नाही. लॉस एंजेलिसच्या त्या वकिलाची आठवण मराठी मंडळांच्या कार्यक्रमांत कधी निघालेली मी ऐकली नाही.

म्हणून दारावरचा अधिकार केंद्राचा असावा, असं मी म्हणतो तेव्हा केंद्र शहाणं असतं असा माझा भ्रम नाही. अधिकार एकाच ठिकाणी असला की दोष कुणाला द्यायचा ते कळतं आणि मत कुठे द्यायचं तेही कळतं, एवढंच.

आता दुसरी बाजू, गल्लीतली. राज्याने नुसता हात आखडता घेतला, तर ते बंड होतं का? २०२५ च्या मे महिन्यात केंद्राने न्यूअर्क, जर्सी सिटी, पॅटर्सन आणि होबोकेन या आमच्या चार शहरांवर खटला भरला, त्यात आशय हाच आहे की ही शहरं कायद्याच्या आड येताहेत. माझ्या मते आड येणं आणि हातभार न लावणं यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे, आणि हे अंतर या देशाच्या कायद्याने फार पूर्वी मान्य केलेलं आहे.

१८४२ मध्ये, गुलामगिरीच्या काळात, सुप्रीम कोर्टाने एक चमत्कारिक निकाल दिला. पळून आलेल्या गुलामाला पकडून नेण्याचा मालकाचा हक्क त्याने उचलून धरला, ही त्यातली लाजिरवाणी गोष्ट. पण त्याच निकालात असंही आलं की हे काम फेडरल सरकारचं आहे आणि राज्यांच्या अधिकाऱ्यांवर त्याची सक्ती करता येत नाही. लगेच पुढच्या वर्षी मॅसेच्युसेट्सने कायदा केला: आमचे अधिकारी यात पडणार नाहीत आणि आमचे तुरुंग वापरायला मिळणार नाहीत. आजच्या बिनकागदाच्या माणसाची गुलामाशी तुलना मी करत नाही, ती दोन दुःखं वेगळी आहेत. पण राज्याने कसं नाही म्हणायचं, याचा धडा तिथला आहे.

तोच धडा पुढे कुणाच्या उपयोगी पडला बघा. १९९७ मध्ये माँटानाच्या एका शेरीफने सांगितलं की बंदूक घेणाऱ्याची चौकशी करायची वॉशिंग्टनची नोकरी मी करणार नाही. न्यायमूर्ती स्कालिया यांनी त्याच्या बाजूने निकाल लिहिला. बंदूकवाले खूश झाले. २०१८ च्या मे महिन्यात आमच्या न्यू जर्सीने खेळांवरच्या सट्ट्याचा खटला जिंकला, तोही याच तत्त्वावर: राज्याच्या विधिमंडळाने काय करावं आणि काय करू नये, असा हुकूम काँग्रेस सोडू शकत नाही. तो निकाल न्यायमूर्ती अलिटो यांनी लिहिला. सट्टेवाले खूश झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्रेवाल यांचा आदेश निघाला. दोन काउंट्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या तेव्हा अपील कोर्टाने २०२१ मध्ये आदेश वैध ठरवताना याच सट्ट्याच्या निकालाचा आधार घेतला. बंदूक, सट्टा आणि डबेवाल्या काकू एकाच नियमाच्या आडोशाला उभ्या आहेत. ज्यांना बंदुकीच्या वेळी हा नियम पवित्र वाटला आणि काकूंच्या वेळी देशद्रोही वाटतो, त्यांनी, आणि उलट्या बाजूने माझ्या डाव्या मित्रांनीही, जरा मनाला विचारावं.

मनाला विचारायची वेळ माझ्यावरही आली. न्यू जर्सीने २०२१ मध्ये कायदा करून खाजगी कंपन्यांना आईसचे कैदी ठेवायला बंदी घातली. मला तेव्हा आनंद झाला होता. २०२५ च्या जुलैत अपील कोर्टाने सांगितलं की हे राज्याला करता येणार नाही, फेडरल सरकारने कुणाशी कंत्राट करावं हे राज्य ठरवू शकत नाही. निकाल वाचून पोटात तुटलं. न्यूअर्कच्या त्या खाजगी तुरुंगापुढे महापौरांना अटक झाली होती ते दृश्य डोळ्यांपुढे होतं. तरीही निकाल बरोबर आहे असं मला म्हणावं लागतं. राज्य स्वतःचे हात मागे घेऊ शकतं, दुसऱ्याचे बांधू शकत नाही. माझ्या राज्याचं आणखी एक पाप सांगायला हवं. हडसन, बर्गन आणि एसेक्स या डेमोक्रॅटिक पक्षाच्या काउंट्यांनी वर्षानुवर्षं आपल्या तुरुंगांत आईसचे कैदी ठेवून माणशी, दिवसागणिक पैसे घेतले. ते २०२१ मध्ये थांबलं. तोवर भाषणं स्थलांतरितांच्या बाजूची आणि तिजोरी भरत होती त्यांच्याच कोठड्यांवर.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. आईसचे लोक म्हणतात: तुरुंगात असलेला माणूस तुम्ही दारातच आमच्या ताब्यात दिला असता, तर आम्हाला त्याला शोधत वस्तीत यावं लागलं नसतं. वस्तीत आलो की ज्यांना धरायचं ठरलं नव्हतं तेही सापडतात. यात तथ्य आहे, आणि सोडून दिलेल्या एखाद्याने पुढे भयंकर गुन्हा केला तर मेलेल्याच्या आईला तुम्ही घटनेचं कलम दाखवू शकत नाही. म्हणूनच गंभीर गुन्ह्यांचे अपवाद हवेत आणि ते आमच्या आदेशात आहेत. पण त्यापुढे जाऊन प्रत्येक पोलीस ठाणं आईसची शाखा केलं, तर वाहतुकीच्या दंडापासून नवऱ्याच्या मारहाणीपर्यंत कुठल्याच गोष्टीत ही माणसं पोलिसांकडे फिरकणार नाहीत. मार खाणारी बाई फोन करणार नाही. घरफोडी पाहिलेला साक्षीदार तोंड उघडणार नाही. तोच चोर पुढे माझ्याच घरी येणार, मी नागरिक असलो तरी.

माणसं पुरत नाहीत ही सबबही आता उरलेली नाही. २०२५ च्या जुलैतल्या कायद्याने आईसला सुमारे ७५ अब्ज डॉलर मिळाले, त्यातले ४५ अब्ज केवळ कैदी ठेवण्यासाठी. ज्या काउंट्यांना स्वखुशीने मदत करायची आहे त्यांच्यासाठी १९९६ पासून करार करायची सोय आहे, आणि २०२५ च्या एका वर्षात असे करार दीडशेच्या आतून हजारावर गेले. एवढं हाताशी असताना उरलेल्यांना फरफटत नेण्याचं कारण पोलिसी गरजेचं वाटत नाही. लॉस एंजेलिसमध्ये २०२५ च्या जूनमध्ये गव्हर्नरचा विरोध डावलून नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव दलाचे, सुमारे चार हजार जवान आणि सातशे मरीन सैनिक उतरवले, तेव्हा ते कारण उघड दिसलं: नाही म्हणणाऱ्याला वाकवायचं.

आमच्या मंडळात हा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं. "आम्ही रांगेत उभे राहून आलो, मग यांना सूट का?" हा राग मी हसण्यावारी नेणार नाही, कारण मीही त्या रांगेत झिजलोय. कुठल्याही एका देशाला नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, हा नियम १९९० च्या कायद्याचा. त्यापायी भारतीयांची रांग इतकी लांबली की मुलं एकवीस वर्षांची होऊन आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतात. पण ही रांग काँग्रेसने केलीय आणि काँग्रेसच मोडू शकते. बिनकागदाच्या लोकांना मोठ्या प्रमाणावर कायद्यात घेणारा शेवटचा कायदा १९८६ चा, रेगन यांच्या सहीचा. त्यानंतर चाळीस वर्षं काँग्रेस हात बांधून बसली. आपला राग काकूंवर काढून ती हलणार आहे का? आणि धरपकड सुरू झाली की रांगेतला आणि रांगेबाहेरचा हा फरक रस्त्यावर दिसत नाही. परदेशी माणसाने नोंदणीचा कागद कायम जवळ ठेवावा हे जुनं कलम केंद्राने २०२५ मध्ये झटकून वर काढलं, तेव्हापासून माझ्या भाच्याच्या पाकिटात ग्रोसरीच्या कार्डामागे घडी घातलेला आय-९४ चा, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीचा, प्रिंट असतो. तो एच-वन-बीवर, नोकरीच्या व्हिसावर, आहे, सगळं काही नियमात. त्या कागदाची घडी आता फाटत आलीय, त्याने तिला चिकटपट्टी लावलीय.

आणि केंद्राचं काम नि गल्लीतला पोलीस यांच्यातली रेषा पुसली की काय होतं हे बघायला आपल्याला अमेरिकेत यायची गरज नाही. भारतात परकीय नागरिक हा विषय केंद्राचा, पण राज्यघटनेच्या २५८ व्या कलमाखाली परकीयांना शोधून परत पाठवायचं काम १९५८ पासून राज्यांकडे सोपवलेलं आहे. म्हणजे चोरीची फिर्याद घेणारा आणि तू भारतीय कशावरून असं विचारणारा हवालदार एकच. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई-मीरा रोडच्या भागातून आपल्या पोलिसांनी पश्चिम बंगालचे मजूर बांगलादेशी समजून उचलले. त्यांतल्या काहींना सीमेपलीकडे ढकलण्यात आलं आणि त्यांच्या राज्याने कागदपत्रं पुढे केल्यावर परत आणावं लागलं. भारतीय माणसं होती ती. बांगला बोलत होती, विटा-सिमेंटचं काम करत होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या कमिशनरने बोटीवर नजर टाकून केलं तेच इथे कानाने ऐकून झालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला उतरवलं, त्यांत तिघे महाराष्ट्राचे होते. तेव्हा आपल्याला राग आला, आणि यायलाच हवा होता. मीरा रोडच्या वेळी तो इतका आला नाही.

काकूंच्या प्रश्नाकडे परत येतो. ग्रेवाल यांनी काढला तो आदेश होता, विधिमंडळाचा कायदा नव्हे. २०२५ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवाराने निवडून आलो तर तो रद्द करीन, असं जाहीरच सांगितलं होतं. तो हरला. जिंकला असता तर एका सहीवर काम होतं. एडिसनमध्ये, इझेलिनमध्ये, प्लेन्सबरोत आपली हजारो मतं आहेत आणि विधिमंडळाच्या निवडणुकीला त्यांतली बरीचशी घरी बसतात, कारण आपलं सगळं लक्ष वॉशिंग्टनकडे. गल्लीतल्या पोलिसाला काय सांगायचं ते राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनमध्ये ठरतं, इथून पाऊण तासावर. तिथल्या आमदाराच्या कार्यालयात मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्या खेपेला त्यांच्या सचिव बाईंनी विचारलं, "तुमच्यासारखे आणखी किती जण आहेत?" मी म्हटलं, पुढच्या महिन्यात घेऊन येतो. यादीत सध्या अकरा नावं आहेत.

काकूंच्या गाडीचा बंपर मुलाने तारेने बांधून दिलाय. मागचा दिवा नवा बसवायला मात्र त्यांनी त्याच आठवड्यात पैसे काढले, कारण फुटक्या दिव्यासाठी पोलीस थांबवतात.